माशाचे आई-बाप कोण?

मासा वाढतो तो पाण्यावर आणि खाण्यावर, असं माझं कितीतरी वर्षं ठाम मत होतं. तळं ऐसपैस असावं, पाण्याला शेणखतानं हिरवट झाक आलेली असावी, कोंडा-पेंड वेळच्या वेळी पडावी. मग मासा वाढणारच. नाही वाढला तर तळेवाल्याच्या कामात काहीतरी कमी पडतंय. बीज कुठून आणलं, त्याचे आई-बाप कोण, हे प्रश्न मला दुय्यम वाटत. आणि 'सुधारित वाण' हे शब्द कानावर पडले की मी थोडी ताठच होत असे. या दोन्ही बाबतींत माझं मत आता बदललं आहे. ते कुठल्या गोष्टींनी बदललं, हे आपल्या भागातल्या तळेवाल्यांसमोर आणि मासे खाणाऱ्यांसमोरही मांडावंसं वाटतं.

माझा जन्म शहापूरचा. शहापूर, वडगाव, येळ्ळूर, अनगोळ हा सगळा पट्टा भाताचा. बासमती, आंबेमोहर. सुगीच्या आधी शिवारात नुसतं उभं राहिलं तरी वास यायचा. पुढं जास्त उतारा देणारी वाणं आली आणि वासाचा तांदूळ बांधाबांधानं मागं सरला. बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात शेतात घुसू लागलं, तशी जुनं बियाणं राखणारी घरंही कमी होत गेली. हे सगळं जवळून पाहिल्यामुळं मनात एक समज पक्का बसला होता: जुनं ते कसदार, आणि सुधारलेलं म्हणजे वजनाला जास्त, बाकी सगळ्यात कमी. माशांकडं मी हाच समज घेऊन गेले.

सासर निपाणीकडचं. काळी जमीन, एके काळी तंबाखूची, आता बहुतेक उसाची. तिथल्या शेततळ्यात मासे सोडायला सुरुवात झाली ती धाकट्या दिरांच्या हौसेमुळं. खरं तर बेळगावकराचा मासा म्हणजे कॅम्पातल्या फिश मार्केटमधला, कारवार-गोव्याकडून आलेला. तळ्यातल्या माशाला आमच्याकडं फारसा मान नाही, आणि हे मला तेव्हाही खटकायचं. समुद्र शंभरेक किलोमीटरवर घाटाखाली आणि तळं दारात. तरी दारातल्या माशाकडं कुणी बघायला तयार नाही. म्हणून मी या कामात मनापासून उतरले. कटला वरच्या पाण्यातलं खातो, रोहू मधल्या, मृगळ आणि सायप्रिनस तळाशी चरतात. चारही मिळून सोडले की तळ्यातलं काही वाया जात नाही, हे गणित मला फार आवडलं होतं.

पण जाळं ओढलं की दरवेळी तेच. एकाच दिवशी सोडलेल्या बोटुकल्यांतला एखादा रोहू किलोला टेकलेला आणि बरेचसे पाव किलोच्या आसपास रेंगाळलेले. सायप्रिनस तर तळहाताएवढा झाला की पोटात गाबोळी धरून बसायचा.

"वैनी, ह्येंचं मूळच हलकं हाय बघा," भावजी म्हणायचे.

"मूळ कसलं, भावजी? कोंडा एका कोपऱ्यात पडतोय. दांडगे आहेत ते खातात, बाकीचे उपाशी राहतात." माझं उत्तर ठरलेलं असायचं.

माझ्या म्हणण्यात तथ्य होतं, आणि ते आजही आहे. बोटुकली सोडताना एखादी अर्धा इंच मोठी असली तर ती पहिल्यापासून खाण्यावर झडप घालते, आणि सुरुवातीचा तो अर्धा इंच वर्षअखेरीला दुप्पट वजन होऊन समोर येतो. मासा हा प्राणीही असा की कोंबडी-शेळीसारखा एका ठराविक मापाला येऊन तो थांबत नाही. जागा, ऊब आणि खाणं मिळेल तसा वाढत राहतो, न मिळेल तसा खुंटतो. त्यामुळं पाणी आणि खाणं यांचा माशावर जितका परिणाम दिसतो, तितका दुसऱ्या कुठल्या पाळीव जनावरावर क्वचितच दिसेल. म्हणून तर माझ्यासारख्यांना बाकी काही दिसत नव्हतं. सायप्रिनस मात्र या हिशेबात बसेना. गाबोळी धरायला अंगात चरबी साठावी लागते. जो मासा पोटात अंड्यांचा एवढा मोठा गठ्ठा वागवतो, तो उपाशी आहे असं म्हणायचं तरी कसं?

या प्रश्नाचं उत्तर आपल्याच राज्यात, बेंगळूरजवळच्या हेसरघट्ट्याच्या मत्स्य संशोधन केंद्रात शोधलं गेलं होतं. सायप्रिनसची हीच तक्रार कर्नाटकभर होती: विक्रीच्या मापाला यायच्या आधीच मासा वयात येतो, मग अंगानं वाढत नाही, आणि तळ्यातच पिल्लं घालून गर्दी करतो. सायप्रिनस मुळात परदेशी. १९३९ साली त्याचा एक प्रकार श्रीलंकेतून निलगिरीत आला आणि दुसरा १९५७ साली बँकॉकहून. देशभरच्या तळ्यांतला सायप्रिनस मुख्यतः या दुसऱ्या आवकीचा वंश. हेसरघट्ट्याच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठाबरोबर काम करून हंगेरीतून आणलेले वंश इथल्या माशांबरोबर वाढवून पाहिले. त्यातला 'अमूर' नावाचा वंश इथल्या माशापेक्षा सुमारे सव्वापट वेगानं वाढला, आणि मुख्य म्हणजे तो वयात उशिरा आला. कोंडा टाकणारा हात तोच होता. फरक माशाच्या रक्तात होता.

हे वाचलं तेव्हा मी पहिल्यांदा भावजींच्या वाक्याचा गंभीरपणे विचार केला. माशाचा आकार ठरवणारी दोन घड्याळं त्याच्या अंगात असतात. एक वाढीचं, दुसरं वयात येण्याचं. जोवर दुसरं घड्याळ वाजत नाही तोवर खाल्लेलं मांसात जातं. ते वाजलं की खाणं अंड्यांकडं वळतं. ही दोन्ही आई-बापांकडून येतात. वाढीचा वेग ठरवायला शेकडो जनुकं थोडा थोडा हात लावतात, त्यातलं कुठलंच एकटं मोठं नसतं. वयात येण्याचं मात्र काही माशांत एखाद्या जनुकावर बरंच अवलंबून असतं. युरोपातल्या सामन माशांत २०१५ साली असं एक जनुक सापडलं. कुठला मासा किती वर्षांनी वयात येणार यातला जवळजवळ ४० टक्के फरक त्या एका जागेवरून कळतो. लवकर वयात येणारा लहान राहतो, उशिरा येणारा दांडगा होतो. हे वाचताना मला आमच्या तळ्यातला गाबोळीवाला सायप्रिनस आठवत होता.

पण मग इथला मासा असा झाला कसा? माझ्या मनातली खरी उलथापालथ या प्रश्नानं केली.

१९५७ पूर्वी आपल्याकडं कटला-रोहूचं बीज बहुतेक नदीतून यायचं. बंगालच्या नद्यांत पावसाळ्यात मत्स्यजिरे, म्हणजे माशांची इवली पिल्लं, गोळा व्हायचे आणि रेल्वेनं देशभर जायचे. हे मासे वाहत्या पुरातच अंडी घालतात, तळ्याच्या साचलेल्या पाण्यात घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुळ इथं डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्याला तळ्यात अंडी घालायला लावलं. आजही १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात तो त्यासाठी. हे काम फार मोठं. त्याच्यामुळं निपाणीच्या उसाच्या फडाशेजारी रोहू वाढू शकतो. नदीवर अवलंबून राहणं संपलं, हॅचऱ्या उभ्या राहिल्या.

आणि त्याबरोबर एक दार नकळत उघडलं. रोहूच्या मादीला किलोमागं दोन-तीन लाख अंडी असतात. चार-पाच जोड्यांना सुई दिली तरी तालुक्याला पुरेल एवढं बीज मिळतं. मग हॅचरीवाल्यानं शेकडो नर-माद्या कशाला सांभाळाव्यात? त्यांना खाणं लागतं, तळं लागतं, माणूस लागतो. थोड्याच जोड्या वापरल्या जातात. त्यांच्याच पिल्लांतून पुढच्या नर-माद्या निघतात आणि भावाबहिणींचे जोड लागतात, कुणाच्या ध्यानीमनी नसताना. याचं गणित सोपं आहे. पंचवीस नर आणि पंचवीस माद्या वापरल्या तर एका पिढीत जवळच्या नात्याचा दोष १ टक्क्यानं वाढतो. पाच नर, पाच माद्या असतील तर ५ टक्क्यांनी. एकच जोडी असेल तर २५ टक्क्यांनी. हा दोष साठत जातो तशी वाढ मंदावते, पिल्लं मरतात, वाकडी निपजतात.

हे कागदावरचं भय नाही. आंबेकर एकनाथ आणि कॅनडातले रॉजर डॉइल यांनी नेमक्या कर्नाटकातल्याच हॅचऱ्यांचा अभ्यास करून १९९० साली निष्कर्ष छापले. एका पिढीत हा दोष २ ते १७ टक्क्यांनी वाढत होता. १७ टक्के म्हणजे जवळजवळ तीन माशांच्या जिवावर अख्खी हॅचरी चालल्यासारखं. त्याआधी १९८५ साली याच दोघांनी आणखी एक गोष्ट दाखवली होती, आणि ती मला जास्त अस्वस्थ करून गेली. हॅचरीत निवड कुणी ठरवून करत नाही, तरी निवड होतच असते. मोठा मासा आधी विकला जातो, कारण त्याला दर चांगला मिळतो. मागं उरतो तो लहान, आणि पुढच्या वर्षी तोच नर किंवा मादी म्हणून वापरला जातो. हंगामात जो आधी पिकतो त्याला आधी सुई मिळते. सांगायचं तर आपण दर पिढीला हळू वाढणारा आणि लवकर वयात येणारा मासा निवडत आलो, आणि वर खाणं कमी पडतंय म्हणून पेंडीवर पैसे घालत आलो.

आमच्या सीमाभागात खिल्लार खोंड घ्यायला गेलेला माणूस वळू कुणाचा, गाय कुठल्या घरची, हे विचारल्याशिवाय दावं हातात घेत नाही. त्याच माणसानं मत्स्यबीज घेताना काय विचारलं, तर 'हजाराला किती?' मीही तेच विचारत आले होते.

जुनं ते कसदार, या माझ्या समजाचं काय झालं ते आता सांगते. ज्याला मी आपला जुना, अस्सल मासा समजत होते, तो हॅचरीच्या हौदातला चाळीसेक वर्षांचा आखडलेला वंश निघाला. आणि रोहू तर मुळात इथला नाहीच. तो सिंधू-गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतला. कृष्णेच्या खोऱ्यात माणसानं आणला. आमच्या घटप्रभा-वेदगंगा-दूधगंगेचे मासे म्हणजे मरळ, वाम, शिंगाळा, खडस. म्हणजे ज्या अस्सलपणासाठी मी 'सुधारित'ला नाक मुरडत होते, तो अस्सलपणा आमच्या तळ्यात कधीच नव्हता.

तो होता दुसरीकडं, आणि नेमका त्या 'सुधारित' माशात. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा इथं केंद्र सरकारची गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीची संस्था आहे, सिफा. तिथं १९९२ साली नॉर्वेच्या संशोधकांबरोबर रोहूच्या निवड-पैदाशीचं काम सुरू झालं. पहिली गोष्ट त्यांनी काय केली, तर हॅचऱ्यांवर भिस्त न ठेवता नद्या गाठल्या. गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा; पाच नद्यांतून रोहू आणला आणि संस्थेतल्या माशांत मिसळला. मग प्रत्येक जोडीची पिल्लं वेगळी वाढवली. ती थोडी मोठी झाल्यावर प्रत्येकाच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढी खुणेची चिप बसवली आणि सगळ्या घराण्यांना एकाच तळ्यात सोडलं. वर्षभरानं वजनं घेतली. कुठल्या घराण्यातली पिल्लं सरासरीनं पुढं गेली ते पाहून पुढची पिढी त्या घराण्यांतून घेतली, पण भावाबहिणींचा जोड लागणार नाही याची काळजी घेऊन. दर पिढीला वाढ सरासरी १७ टक्क्यांच्या आसपास वाढत गेली. याच हिशेबानं पाच पिढ्यांत मासा दुपटीहून जास्त होतो. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली त्या वर्षी, १९९७ साली, हा रोहू बाहेर आला, म्हणून त्याचं नाव 'जयंती'.

यात कुठलं बाहेरचं जनुक घातलेलं नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण माझ्या मनातली अढी तीच होती. अमेरिकेत २०१५ साली ज्या सामनला परवानगी मिळाली, त्यात दुसऱ्या जातीच्या सामनचं वाढीचं जनुक घातलं होतं. त्याबद्दल शंका घेणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. जयंतीची गोष्ट वेगळी आहे. नदीनं जे दिलं होतं त्यातलंच निवडून, मोजून, वह्या नीट ठेवून तो घडवलेला आहे. आमच्या शिवारातल्या जुन्या शेतकऱ्यांनी आंबेमोहराची लोंबी निवडून पुढच्या वर्षासाठी ठेवली, ती याच हातानं.

एक गोष्ट मात्र मला समजायला वेळ लागला. निवडायचंच आहे तर आपल्या तळ्यातला सगळ्यांत मोठा मासा राखावा आणि त्याची पिल्लं घ्यावीत, एवढं पुरेसं नाही का? नाही. इस्रायलमध्ये मोआव आणि वोलफार्थ या शास्त्रज्ञांनी सायप्रिनसवर हाच प्रयोग करून १९७६ साली तो प्रसिद्ध केला. पाच पिढ्या प्रत्येक वेळी मोठाच मासा निवडला. वाढ पुढं सरकली नाही. पण उलट्या बाजूनं, लहान मासे निवडत गेल्यावर मासा पिढीगणिक लहान होत गेला. वर चढायला वाट नाही आणि खाली घसरायला उतार, असं ते चित्र. कारण एकट्या माशाच्या वजनात त्याचं नशीब बरंच असतं: तो अंड्यातून आधी बाहेर आला असेल, अर्धा इंच मोठा असेल, कोंडा पडतो त्या कोपऱ्याशी असेल. माशांच्या वजनातल्या फरकाचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा वंशाचा, बाकीचा परिस्थितीचा. म्हणजे माझं जुनं म्हणणं पुरतं निकालात निघालं नाही; मी फरकाच्या मोठ्या भागाकडं बघत होते. पण पुढच्या पिढीला जातो तो वंशाचा हिस्साच. आणि तो ओळखायचा तर एका माशाकडं बघून चालत नाही, त्याचं घराणं बघावं लागतं. नॉर्वेत सत्तरच्या दशकात त्रिग्वे येद्रेम आणि हाराल्ड शेर्वोल्ड यांनी सुमारे चाळीस नद्यांतले सामन गोळा करून घराण्यांची निवड सुरू केली. शेर्वोल्ड हे मुळात गाईंच्या पैदाशीतले प्राध्यापक होते. जगाला आज ताटात जो स्वस्त सामन दिसतो, त्यामागं त्या गोठ्यातलं शहाणपण आहे.

चिलापीची गोष्ट तर माझ्या दृष्टीनं सगळ्यांत बोलकी. आपल्या धरणांत पसरलेली चिलापी वेगळी, १९५२ साली आलेली. ती गर्दीत खुजीच राहते. पण फिलिपाइन्समध्ये १९८८ साली नाइल चिलापी सुधारण्याचं काम सुरू झालं तेव्हा इजिप्त, घाना, केनिया आणि सेनेगल इथले रानटी मासे आणून ते आशियातल्या तळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या चार वंशांशेजारी वाढवले. वर्षानुवर्षं पाळलेला मासा पुढं जाईल अशीच अपेक्षा कुणीही करेल. इजिप्तचा रानटी मासा त्यांच्या पुढं गेला. मात्र घानाचा सगळ्यांत मागं राहिला, तेव्हा रानटी म्हणून सगळंच उत्तम असंही नाही. पाळीव वंश थोड्याशा माशांपासून फुगवलेला होता आणि तो आखडत गेला होता. त्या कामाच्या मुख्य संशोधकांत पुन्हा आंबेकर एकनाथ होते. कर्नाटकातल्या हॅचऱ्यांत जे दुखणं त्यांनी पाहिलं होतं, त्यावरचं औषध त्यांनी तिकडं तयार केलं, असं मला वाटतं. पुढं ते सिफाचे संचालकही झाले.

आमच्या तळ्यात आम्ही बीज बदललं. आता आणतो त्या ठिकाणी मूळ मासे कुठून आणले हे सांगतात आणि नोंदवही दाखवतात. रोहू एकसारखा वाढलेला दिसतो, पाव किलोवर रेंगाळणारे कमी झाले. एका तळ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. त्या साली पाऊसही चांगला होता. भावजींनी मात्र मला काही सुनावलं नाही. "वैनी, आता कोंडा जरा वाढवूया," एवढंच म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं. वेगानं वाढणाऱ्या माशाला खाणंही तसंच लागतं. उपाशी जयंतीपेक्षा पोटभर खाल्लेला साधा रोहू मोठा होईल. वंश म्हणजे मासा कुठवर जाऊ शकतो त्याची हद्द. तिथवर पोचवायचं काम तळेवाल्याचंच.

मत बदललं तरी एक काळजी उरते, किंबहुना ती नव्यानं लागली आहे. जयंती घडला तो पाच नद्यांत अजून वेगवेगळा रोहू शिल्लक होता म्हणून. हॅचरीतला आखडलेला मासा पुरात फुटून नदीत गेला, किंवा आपणच तो धरणांत लाखांनी सोडला, तर नदीतला वंशही हळूहळू तसाच होणार. नॉर्वेत पिंजऱ्यांतून सुटलेला सामन रानटी सामनमध्ये मिसळतो आहे आणि त्यावर तिथं मोठी चर्चा आहे. उद्या नवा रोग आला, पाणी आणखी तापलं, तर त्याला तोंड देणारं जनुक कुठल्या नदीत असेल हे आज कुणीच सांगू शकत नाही. सिफानं पुढं जयंतीत एरोमोनास या जिवाणूला दाद न देणारी घराणीही निवडली; तीही मूळ साठा रुंद होता म्हणूनच सापडली. आमच्या घटप्रभेवर हिडकलचं धरण झालं, त्याच्या वर-खाली राहिलेल्या खडस-शिंगाळ्याचा असा साठा कुणी केला पाहिजे, असं मला फार वाटतं. सुधारित वाणाच्या बाजूनं बोलताना नदी राखायची गोष्ट मी सोडणार नाही. या दोन गोष्टी एकमेकींवर उभ्या आहेत.

म्हणून निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर, बेळगाव या पट्ट्यातल्या तळेवाल्यांना माझं सांगणं आहे. यंदा जूनपासून बीज घ्यायला जाल तेव्हा हजाराचा दर विचारायच्या आधी मूळ मासे कुठले, किती नर आणि किती माद्या वापरता, शेवटचे नवे मासे बाहेरून कधी आणले, हे विचारा. जयंती रोहू आणि अमूर सायप्रिनस इथं कुठं मिळेल, याची चौकशी मत्स्य खात्याकडं लेखी करा. भुवनेश्वरला राष्ट्रीय मत्स्य प्रजनक पेढी आहे, तिच्याकडून मूळ मासे आणून वाढवणाऱ्या हॅचऱ्या देशात आहेत. आपल्या तळ्यात विकून उरलेल्या माशांपासून घरचं बीज काढू नका. आणि हॅचरी चालवणाऱ्यांनो, पन्नास नर-माद्यांचा खर्च जड वाटत असेल तर दोघा-तिघांनी मिळून नर अदलाबदलीनं वापरा, पण प्रत्येक जोडीची नोंद ठेवा. जो बीज विकतो त्याला त्या बीजाचे आई-बाप सांगता आलेच पाहिजेत. सांगता येत नसतील तर ते बीज घेऊ नका.